बडोद्यातल्या सर्च-सोशल मार्केटिंग टीमची ओळख साइटवर कशी लिहावी?

दांडियाबझार_डेस्क

मंडळी, बडोद्यात सर्च आणि सोशल मीडिया मार्केटिंगचं काम करणारी आमची सहा जणांची टीम आहे. गिऱ्हाइकं बहुतेक मकरपुरा जीआयडीसीतले कारखानदार, अलकापुरीकडचे दवाखाने आणि मांडवीतले कापडवाले-फरसाणवाले. साइटवर सर्च, गूगल ॲड्स, इन्स्टाग्राम यांवर मराठी, गुजराती आणि इंग्रजीत लेख टाकतो, पण प्रत्येक लेखावर लेखक म्हणून 'ॲडमिन' दिसतो. 'आमच्याविषयी'च्या पानावर सहा गोल फोटो आणि खाली एकेक ओळ: 'डिजिटल विश्वात रमणारा', 'ब्रँडला नवी उंची देणारी', 'चहाप्रेमी स्ट्रॅटेजिस्ट' वगैरे. ते पान वाचूनही नवं गिऱ्हाईक फोनवर पहिलं हेच विचारतं, 'आमचं काम नक्की कोण बघणार?'

पान नव्याने करायचं आहे. एकच पुरे की प्रत्येकाचं वेगळं? मजकुरात काय घ्यायचं, काय गाळायचं? गूगलसाठी कोड कोणता? आणि माणूस सोडून गेला की त्याच्या लेखांचं काय? साइट वर्डप्रेसवर आहे.

शोधगडी

गिऱ्हाईक बरोबर विचारतंय. पान त्याच्यासाठी करा, गूगलचं बरंचसं काम त्यातच होऊन जातं.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. लेखकाची ओळख लावली की रँकिंग चढतं, असं काही नाही. शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या गूगलच्या परीक्षकांसाठी जी मार्गदर्शिका आहे तीत अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता असे चार निकष आहेत. त्यातला 'अनुभव' डिसेंबर २०२२ मध्ये जोडला. पण परीक्षकांच्या गुणांनी कुठल्या साइटचं स्थान थेट हलत नाही, आणि या चौकडीचा म्हणून एखादा स्वतंत्र रँकिंग घटकही नाही, हे गूगलनेच सांगितलेलं आहे. शोधनिकालात लेखकाचं नाव-फोटो दाखवायचा 'ऑथरशिप' हा प्रकार २०११ मध्ये सुरू झाला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये पूर्ण बंद झाला. तरी 'ऑथरशिप सेट करून देतो' म्हणणारे अजून भेटतात, त्यांना पैसे देऊ नका. गूगलच्या सूचनांत विचारलंय ते साधं आहे: लेख कोणी लिहिला हे वाचणाऱ्याला सहज कळतं का, आणि नावावर टिचकी मारली तर त्या माणसाची माहिती मिळते का.

म्हणून एक टीमचं पान, आणि जो लेख लिहितो किंवा तपासतो त्याचं स्वतंत्र पान. हिशेब बघणाऱ्याचं नाव टीमच्या पानावर पुरे, उगाच रिकामी पानं वाढवू नका. टीमच्या पानावरून व्यक्तीकडे, व्यक्तीच्या पानावरून तिच्या लेखांकडे आणि लेखावरच्या नावावरून पुन्हा व्यक्तीकडे असे तीन दुवे हवेत. तिसरा हमखास राहतो, कारण पुष्कळ थीम नाव नुसता मजकूर म्हणून छापतात.

कोड म्हणजे पान कोणाचं, लेख कोणाचा हे गूगलला ठरलेल्या खात्यांत सांगणारी, वाचणाऱ्याला न दिसणारी माहिती. त्यात व्यक्तीच्या पानावर 'प्रोफाइलपेज' लावा. गूगल ते नोव्हेंबर २०२३ पासून वाचतं. अट अशी की पान एकाच व्यक्तीचं किंवा एकाच संस्थेचं असलं पाहिजे. सहा जणांच्या एकत्र पानावर ते बसत नाही, तिथे 'ऑर्गनायझेशन' ठेवा. 'मेनएन्टिटी'त 'पर्सन', आणि त्यात 'नेम' अनिवार्य. बाकी 'डिस्क्रिप्शन', 'इमेज', 'जॉबटायटल', 'वर्क्सफॉर' आणि 'सेमॲज'. 'सेमॲज'मध्ये फक्त त्या व्यक्तीची स्वतःची खाती द्यायची. कंपनीचं इन्स्टाग्राम तिथे टाकलं तर कोडचा अर्थ 'ही व्यक्ती म्हणजेच ते खातं' असा होतो, आणि सहा जणांच्या कोडमध्ये तोच दुवा आला की सहाही माणसं एकच ठरतात. ही चूक फार दिसते.

लेखाच्या कोडमधलं 'ऑथर' वेगळं सांभाळा. 'नेम'मध्ये नुसतं नाव. 'लेखिका:', 'डॉ.', 'श्री.', 'सौ.', हुद्दा, कंपनी यांपैकी काहीही नाही, 'डॉ.'साठी 'ऑनरिफिकप्रीफिक्स' आणि हुद्द्यासाठी 'जॉबटायटल' अशी वेगळी खाती आहेत. 'यूआरएल'मध्ये व्यक्तीच्या पानाचा पत्ता. दोघांनी लिहिलं असेल तर दोन वेगळे 'ऑथर'. 'अमुक आणि तमुक' एका खात्यात कोंबलं की ते एकच लांबलचक नाव होतं.

शेवटी गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये, म्हणजे हा कोड तपासणाऱ्या साधनात, पान घालून बघा. योस्ट किंवा रँक मॅथ ही सर्चची प्लगइन आधीच 'पर्सन' छापत असतात. त्यावर तुम्ही हाताने आणखी एक चिकटवलात तर एका पानावर दोन लेखक होतात आणि दोघांची माहिती जुळत नाही. पानाचा सोर्स उघडून 'पर्सन' शब्द किती वेळा येतो ते मोजा. टेस्टमध्ये हिरवी खूण आली म्हणजे कोडची घडण बरोबर आहे, एवढंच. मजकूर खरा आहे की नाही ते तो तपासत नाही.

वाक्यवैद्य

मजकुराबद्दल लिहितो. कसोटी एकच: ओळखीचं वाक्य उचलून शेजारच्याच्या फोटोखाली ठेवलं तर ते खोटं ठरलं पाहिजे. 'ब्रँडला नवी उंची देणारी' हे सहाही फोटोंखाली खरं आहे, म्हणजे ते कोणाचंच नाही.

सर्चवाल्या माणसाची ओळख साधारण अशी असते:

'डिजिटल मार्केटिंगची प्रचंड आवड. सर्चमधले बारकावे जाणणारा. सतत नवं शिकण्याची ओढ.'

तीच अशी लिहिता येईल:

'आमच्याकडचं सर्चचं तांत्रिक काम पाहतात. कारखान्यांच्या जुन्या साइट नव्या पत्त्यावर हलवताना कोणतं पान कुठे जाणार याचा ३०१ रिडायरेक्टचा तक्ता, साइटमॅप, आणि हलवल्यानंतर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसणाऱ्या ४०४, म्हणजे न सापडणाऱ्या, पानांचा पाठपुरावा त्यांच्याकडे असतो. पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स अशा मालाच्या पानांचा त्यांना सराव आहे. साइटवरचा तांत्रिक लेख त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय प्रसिद्ध होत नाही. गुजराती, मराठी आणि हिंदीत बोलतात. जाहिराती पाहत नाहीत.'

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. काय करत नाही हे लिहिलं की बाकीच्यावर विश्वास बसतो, आणि चुकीचा फोन चुकीच्या माणसाकडे जात नाही. दुसरं वाक्य मकरपुऱ्यातल्या कारखानदारासाठी आहे. त्याने साइट बदलताना फटका खाल्लेला असतो, त्याला 'रिडायरेक्टचा तक्ता' या दोन शब्दांत कळतं की समोरच्याने हे काम केलेलं आहे. एवढा मजकूर टीमच्या पानाला पुरतो. स्वतंत्र पानावर दीड-दोनशे शब्द आणि खाली लेखांची यादी.

'८ वर्षांचा अनुभव' लिहू नका, पुढच्या वर्षी ते चुकीचं होतं आणि कोणी बदलत नाही. '२०१७ पासून या कामात' असं लिहा. 'चौकशा ४०० टक्क्यांनी वाढवल्या' हेही तसंच पोकळ: महिन्याला ५ च्या २५ झाल्या तरी वाढ ४०० टक्केच. आकडा द्यायचा तर आधी किती, नंतर किती, कोणत्या काळात आणि त्यात जाहिरातीचा खर्च किती, हे चारही द्या, नाहीतर आकडाच नको. गिऱ्हाइकाचं नाव घ्यायला त्याची लेखी परवानगी घ्या. दवाखान्यांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण डॉक्टरांना स्वतःच्या जाहिरातीबाबत वेगळे नियम पाळावे लागतात आणि तुमच्या पानावरचं कौतुक त्यांच्या अंगाशी येऊ शकतं.

मराठी पानासाठी एक खास. संस्थापक 'पाहतात' आणि नवा मुलगा 'करतो', असं झालं की पान वाचणाऱ्याला पगारपत्रक दिसतं. सगळ्यांना सारखंच 'पाहतात, लिहितात' लावा. किंवा सगळे जण 'मी' म्हणून लिहा. मिसळ नको.

आणि लेखाचा कच्चा मसुदा एआयकडून करून घेत असाल तर तसं लेखाखाली एका ओळीत सांगा. एआयला लेखक म्हणून नाव देऊ नका, गूगलचाही सल्ला तोच आहे. मसुदा ज्याने तपासला आणि ज्याच्या जबाबदारीवर तो छापला त्याचं नाव वर हवं.

चहाची आवड एका ओळीत चालेल, पण बडोद्यात चहा न आवडणारा शोधावा लागतो. त्यातून काय कळणार?

किल्ल्यांचा_जुडगा

प्रमाणपत्रं आणि बिल्ले यांवर कोणी बोललं नाही म्हणून.

'गूगल सर्टिफाइड एसईओ (म्हणजे सर्चच्या कामाचा) एक्स्पर्ट' असं कोणाच्याही नावाखाली घालू नका. गूगल कोणाला एसईओ तज्ज्ञ म्हणून मान्यता देत नाही. प्रमाणपत्रं आहेत ती गूगल ॲड्सची, गूगलच्या स्किलशॉप या साइटवर परीक्षा देऊन मिळणारी: सर्च, डिस्प्ले, व्हिडिओ, शॉपिंग, ॲप्स, मेजरमेंट अशी वेगवेगळी, आणि प्रत्येकाची मुदत एक वर्ष. म्हणून 'गूगल ॲड्स सर्च, मुदत अमुक महिन्यापर्यंत' असं लिहायचं आणि त्याखाली पडताळणीचा दुवा द्यायचा. मुदत संपली की ओळ काढायची. कॅलेंडरमध्ये पंधरा दिवस आधीची आठवण लावलीत तर चुकत नाही.

'गूगल पार्टनर' हा बिल्ला व्यक्तीला मिळत नाही, कंपनीच्या मॅनेजर खात्याला, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांची ॲड्स खाती एकत्र सांभाळणाऱ्या खात्याला मिळतो. त्यासाठी ऑप्टिमायझेशन स्कोअर (जाहिरात खात्याच्या मांडणीला गूगल देतं तो गुण) किमान ७० टक्के, सांभाळत असलेल्या खात्यांवर ९० दिवसांत १०,००० डॉलरचा खर्च आणि खाती चालवणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे प्रमाणपत्र अशा अटी आहेत. तो नसेल तर त्याच्यासारखा दिसणारा रंगीत गोल स्वतः बनवून लावू नका. आणि 'पहिल्या क्रमांकाची हमी' हे शब्द टीममधल्या कोणाच्याही ओळखीत असतील तर आजच काढा. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गूगलच्या मदतपानावरच लिहिलेलं आहे, आणि चौकस गिऱ्हाईक ते वाचून आलेलं असतं.

'आमचं काम कोण बघणार' या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे 'आमच्या खात्यांच्या किल्ल्या कोणाकडे?' हे सार्वजनिक पानावर नको, पण काम सुरू होताना गिऱ्हाइकाला जो परिचयाचा कागद देता त्यात प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. गूगल ॲड्समध्ये आमचं मॅनेजर खातं जोडलं जाईल, तुमचं खातं तुमच्याच नावावर राहील. सर्च कन्सोलमध्ये मालक तुम्ही, आमचा माणूस 'फुल यूजर'. गूगल ॲनालिटिक्समध्ये (जीए-४) 'एडिटर'. गूगल बिझनेस प्रोफाइलवर मुख्य मालक तुम्ही, आम्ही 'मॅनेजर'. मेटामध्ये तुमचा बिझनेस पोर्टफोलिओ आम्हाला 'पार्टनर' म्हणून पानाचा आणि जाहिरात खात्याचा ताबा देईल.

सार्वजनिक पानावर मात्र एक ओळ ठळक हवी: 'आमच्यापैकी कोणीही फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर तुमचा पासवर्ड वा ओटीपी मागत नाही.' फोटो आणि हुद्दा एकत्र छापला की त्याच फोटोने नवं व्हॉट्सॲप खातं उघडून गिऱ्हाइकाला गाठणं सोपं होतं. म्हणूनच वैयक्तिक मोबाइल नंबर तिथे देऊ नये. ऑफिसचा एक नंबर आणि कामानुसार मेल: सर्चसाठी एक, जाहिरातींसाठी एक.

दांडियाबझार_डेस्क

एकेक उत्तर छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. आता अडलेलं विचारतो. वर्डप्रेस प्रत्येक लेखकाचं पान आपोआप बनवतं, ते वापरायचं की स्वतंत्र पान करायचं? त्याचा पत्ता देवनागरीत ठेवला तर? टीममध्ये एक दीक्षित आहेत, त्यांचं आडनाव इंग्रजीत कुठे एका 'आय'ने तर कुठे दोन 'ई'ने पडलंय. शिवाय गुजराती पानावर 'भाई', 'बेन' लावावं का? जुने 'ॲडमिन'चे लेख कोणाच्या नावावर करायचे, हेही ठरत नाही.

प्लगइनपीडित

आपोआपचं पान ठेवा, पण तीन गोष्टी दुरुस्त करूनच.

पत्ता. तो लॉगिनच्या नावावरून बनतो, म्हणजे लॉगिनचं नाव तुम्ही स्वतःच जगाला सांगता. 'पब्लिकली दिसणारं नाव' बदललं तरी पत्ता बदलत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पत्त्यातल्या या नावाच्या भागाला स्लग म्हणतात; एडिट ऑथर स्लगसारख्या प्लगइनने तो नाव-आडनाव असा करून घ्या. वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआयमध्येही (बाहेरच्या प्रोग्रामना साइटची माहिती देणारी सोय) लेखकांची यादी उघडी असते; तिथेही हाच बदललेला स्लग दिसतो.

देवनागरी पत्ता लेखकासाठी नकोच. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाची ९ अक्षरं होतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. लेखकाच्या स्लगची मर्यादा ५० अक्षरांची, म्हणजे पाचच चिन्हं. 'दीक्षित' या एका शब्दात सात चिन्हं आहेत, त्याचीच ६३ अक्षरं झाली. लेखाच्या पत्त्याला २०० ची मर्यादा आहे, तिथे बावीस चिन्हांवर शेपूट तुटतं. व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर टक्क्यांच्या खुणांची जी माळ दिसते ती याचीच. रोमन लिपीतला छोटा पत्ता आणि पानावर ठसठशीत देवनागरी नाव, हे बरं.

नावाचं स्पेलिंग एकच ठरवा, आणि ठरवताना ज्या ठिकाणी बदलणं सर्वांत अवघड आहे तिथलं धरा, बहुधा प्रमाणपत्रावरचं. मग लिंक्डइन, साइट, इन्स्टाग्राम सगळीकडे तेच. मराठी आणि गुजराती लिप्यांतली रूपं 'अल्टरनेटनेम'मध्ये. तीन भाषांतली तीन पानं एकाच माणसाची आहेत हे कळावं म्हणून तिन्हींच्या कोडमध्ये 'आयडी' तोच ठेवा, आणि पानाची भाषा सांगणाऱ्या 'एचरेफलँग' खुणेमध्ये मराठीला 'एमआर', गुजरातीला 'जीयू', इंग्रजीला 'ईएन'. प्रत्येक पानाने स्वतःसकट तिन्हींकडे बोट दाखवलं पाहिजे. परतीचा दुवा नसला की गूगल ती जोडी सोडून देतं. पॉलीलँग हे बहुभाषिक साइटचं प्लगइन असेल तर लेखकाची ओळख भाषेगणिक वेगळी भरायची सोय प्रोफाइलच्या पानावरच मिळते.

'भाई', 'बेन' गुजराती पानाच्या मजकुरात जरूर लावा, नाहीतर तिथे ते रुक्ष वाटतं. कोडच्या 'नेम'मध्ये नको. शोधगडींनी 'श्री.', 'सौ.'बद्दल जे सांगितलं तेच इथेही. क्रमही एक ठेवा: कागदोपत्री आडनाव आधी असलं तरी साइटवर नाव आधी, आडनाव नंतर.

फोटो. वर्डप्रेस मुळात ग्रॅव्हटार या बाहेरच्या सेवेवरून फोटो आणतं, तोही मेल आयडीवरून. कोणी कॉलेजात असताना टाकलेला फोटो तिथून अचानक उगवतो. ६०० बाय ६०० चा चौकोनी फोटो साइटवरच चढवा. गोल चौकटीत कडा कापल्या जातात, म्हणून डोक्यावर थोडी जागा सोडून काढा. स्टॉकमधला किंवा एआयने केलेला चेहरा अजिबात नको. स्टॉकमधला गूगल लेन्समध्ये टाकला की तोच चेहरा दहा साइटवर दिसतो.

'ॲडमिन'चे लेख: अंदाजाने सहा जणांत वाटू नका. प्रत्येक लेखाच्या रिव्हिजनमध्ये कोणी लिहिलं ते दिसतं, पण सगळे एकाच लॉगिनने लिहीत असाल तर तिथेही 'ॲडमिन'च असणार. मग मेल आणि गूगल डॉक्स धुंडाळा. ज्याचा पत्ता लागतच नाही तो संस्थेच्या नावावर ठेवा, कोडमध्ये 'पर्सन'ऐवजी 'ऑर्गनायझेशन'. बल्क एडिटने एकदम लेखक बदलता येतो, पण त्याने प्रत्येक लेखाची 'सुधारित' तारीख आजची होते. थीम ती तारीख दाखवत असेल तर सगळी साइट एका रात्रीत ताजी झाल्यासारखी दिसते. आधी थीममध्ये प्रकाशनाची तारीख दाखवायची व्यवस्था करा, मग बदला.

माणूस सोडून गेला तर यूजर डिलीट करायची घाई नको. वर्डप्रेस त्या वेळी विचारतं, लेख काढून टाकू की दुसऱ्याच्या नावावर करू? पहिला पर्याय चुकून दाबला की त्याचे सगळे लेख गेले. दुसरा दाबला की त्याचं श्रेय दुसऱ्याला गेलं. त्याऐवजी यूजरची भूमिका 'या साइटवर कोणतीही भूमिका नाही' अशी करा, पासवर्ड बदला, सगळीकडून लॉग आउट करा. लेखांवर नाव राहतं, आत येता येत नाही. त्याच्या पानावर '२०२५ पर्यंत आमच्या टीममध्ये' अशी ओळ, आणि कोडमधून 'वर्क्सफॉर' काढायचं. फोटो काढा म्हणाला तर काढा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क आहे, म्हणून रुजू होतानाच फोटो-नाव छापायची लेखी संमती घेऊन ठेवा.

सर्च कन्सोलमध्ये तो पडताळणी केलेला मालक असेल तर नुसतं नाव काढून भागत नाही. त्याने पडताळणीसाठी ठेवलेली एचटीएमएल फाइल किंवा डीएनएसमधली टीएक्सटी नोंदही काढावी लागते. ती तशीच राहिली तर तो पुन्हा पडताळणी करून मालक होऊ शकतो.

कॅरोसेल_कट्टा

साइटचं झालं, सोशलवर हीच ओळख नेताना काय होतं ते सांगते.

वाक्यवैद्यांचा नमुना मला पटला, पण तो तसाच इन्स्टाग्रामवर टाकला तर कोणी थांबणार नाही. तिथे माणूस कामावर दिसला पाहिजे. सहा दिवसांत सहा चेहरे आणि खाली 'मीट द टीम', हेही नको. गिऱ्हाइकाला त्याचं काहीच नसतं. प्रत्येकाची ओळख एका प्रश्नाला बांधा. जाहिराती पाहणाऱ्या ताई 'नवरात्रात चणियाचोळीच्या दुकानाने बजेट कधीपासून वाढवावं' हे पाच स्लाइडमध्ये सांगतील, आणि त्यांचं नाव-काम शेवटच्या स्लाइडवर. कॅरोसेलमध्ये आता वीस स्लाइड जातात, पण म्हणून वीस करू नका.

मापं: १०८० बाय १३५०. जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलच्या जाळीत ३:४ चौकट आली, त्यामुळे या मापाच्या पोस्टच्या दोन्ही बाजूंनी साधारण ३४ पिक्सेल कापले जातात. नाव कडेला लिहिलेलं असेल तर 'दीक्षित'चा 'त' जातो. बाजूला साठेक पिक्सेल मोकळे सोडा. रीलचं मुखपृष्ठ १०८० बाय १९२० असतं, त्याचे वरचे-खालचे २४० पिक्सेल जाळीत दिसत नाहीत, म्हणून चेहरा आणि नाव मधल्या भागात. टीमच्या तीन पोस्ट वर पिन करता येतात; एक तरी 'कोण काय बघतं' याची ठेवा.

बायो १५० अक्षरांचा, आणि मोजणी काना-मात्रा धरून होते. 'मार्केटिंग' डोळ्यांना चार अक्षरं दिसतं, मोजलं जातं दहा. म्हणून बायोमध्ये 'सर्च, जाहिराती, रील. बडोदा.' असं तुटक चालतं. लिंक्डइनच्या मथळ्यात २२० अक्षरं मिळतात, तिथे हुद्द्याऐवजी काम लिहा.

शहराचं नाव 'वडोदरा' हे १९७४ पासून अधिकृत, पण लोक 'बडोदा' आणि इंग्रजीत 'बरोडा' असंही शोधतात. बिझनेस प्रोफाइलच्या पत्त्यात अधिकृत नाव, मजकुरात दोन्ही. हॅशटॅगमध्ये तिन्ही.

नवरात्र आणि उत्तरायणात रात्री कॉमेंटला कोण उत्तर देणार हे टीमच्या ओळखीतच लिहून टाका: 'सोशल खाती सकाळी १० ते रात्री ८, नवरात्रात रात्री १ पर्यंत, अमुक पाहतात.' गरब्याच्या पासची चौकशी रात्री साडेअकराला येते, सकाळी दिलेल्या उत्तराचा काही उपयोग नसतो.

टीममधलं कोणी एखाद्या टूलची शिफारस करत असेल आणि दुव्यावर कमिशन मिळत असेल, तर पोस्टच्या सुरुवातीलाच 'जाहिरात' किंवा 'भागीदारी' असं लिहा. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी यावर नियम केलेत आणि ते तुमच्या छोट्या खात्यालाही लागू आहेत. साइटवरच्या तशा दुव्याच्या कोडमध्ये 'रेल' या खात्यात 'स्पॉन्सर्ड' लिहायचं.

साइटचं पान व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर १२०० बाय ६३० चं ओपन ग्राफ चित्र (दुव्यासोबत दिसणारं) ३०० केबीच्या आत ठेवा. जड झालं की बहुतेक वेळा चित्राविना नुसता दुवा जातो.

दांडियाबझार_डेस्क

सोशल पाहणाऱ्या सहकाऱ्याची ओळख आताच लिहून बघितली:

'दवाखाने आणि दुकानांची इन्स्टाग्राम-फेसबुक खाती पाहतात. २०२० पासून या कामात. महिन्याचं पोस्टचं वेळापत्रक, रीलचं चित्रीकरण आणि कॉमेंटची उत्तरं त्यांच्याकडे. गुजराती व मराठी कॅप्शन स्वतः लिहितात. दर्जेदार कंटेंट आणि उत्तम परिणाम यांवर भर. सर्च आणि गूगल ॲड्स पाहत नाहीत.'

वाक्यवैद्य

'दर्जेदार'वालं वाक्य शेजारच्या फोटोखाली ठेवून बघा, खरंच राहतं. ते काढा. त्या जागी मान्यतेची पद्धत लिहा: 'महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पुढच्या महिन्याचं वेळापत्रक गिऱ्हाइकाकडे जातं, त्याच्या होकाराशिवाय पोस्ट पडत नाही.' दवाखान्यांसाठी आणखी एक हवं: 'रुग्णाचा फोटो वा व्हिडिओ लेखी संमतीशिवाय घेत नाहीत.' आणि 'रीलचं चित्रीकरण' म्हटलंत तर ते दुकानात येऊन करतात की गिऱ्हाइकाने मोबाइलवर काढून पाठवायचं, हे स्पष्ट करा. मांडवीतला दुकानदार पहिला फोन त्यासाठीच करणार.